दहा बाय सोळातले मामाजी

कोणतीही वस्तू पहिल्यांदा समोर आली की ती काय आहे हे मामाजी नंतर विचारत. ती कुठे मावेल हे आधी ठरवत. माझी गाडी घरी आली त्या दिवशी चिंतामणीच्या देवळासमोर नारळ फोडून आम्ही ती कळंबच्या आमच्या गल्लीत आणली. सासूबाईंनी ओवाळलं, शेजारणींनी पेढे खाल्ले, नवऱ्यानं दोनदा हॉर्न वाजवून दाखवला. तेवढ्या वेळात मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओणव्यानं गाडीच्या नाकापासून शेपटापर्यंत वीत टाकत गेले. मागच्या बंपरपाशी पोचल्यावर त्यांनी कंबर सरळ केली आणि म्हणाले, "लय लांब हाय बाई. दोन वीत कमी असती त बरं झालं असतं." गाडी कशी आहे, रंग कसा आहे, एक शब्द नाही. मी पेढा पुढे केला, तो त्यांनी तोंडात टाकला आणि गॅरेजच्या दाराची रुंदी मोजायला निघून गेले.

हे गॅरेज माझं होतं. निदान नकाशात तरी होतं. आम्ही घर बांधलं तेव्हा मी हट्टानं ते काढून घेतलं होतं, दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब, निळ्या शटरचं. राळेगाव रस्त्यावरच्या शाळेत मी शिकवते; रोजचं जाणं-येणं, आणि आमच्याकडचा उन्हाळा. दुपारी शाळा सुटल्यावर उन्हातल्या गाडीचं स्टिअरिंग ओल्या रुमालाशिवाय धरता येत नाही. घरी तरी गाडी सावलीत उभी राहील एवढीच माझी माफक इच्छा होती. पण गाडी यायच्या महिनाभर आधी वावरातल्या झोपडीतून पंजीचे पाचही फण चोरीला गेले. पंजी म्हणजे ट्रॅक्टरमागे लावून जमीन उकरायचं लोखंडी अवजार. मामाजी फण नसलेला तो सांगाडा घेऊन घरी आले, माझं शटर वर केलं आणि म्हणाले, "दोन दिवस ठेवतो बाई. मंग हालवतो."

पंजीला नवे फण बसले, पण ते दोन दिवस दहा वर्षं चालले. एकट्या पंजीला करमत नव्हतं म्हणून की काय, तिच्यामागून माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर आला. मग पेरणी यंत्र आलं, ज्याला मामाजी शेवटपर्यंत तिफणच म्हणत. मग पिकातलं तण काढायच्या डवऱ्याचा जोड, फवारणीची मोठी टाकी, सरी पाडायचा फाळ, चिखलात घालायची लोखंडी चाकं. छोटा ट्रॅक्टर स्वतः अंगणात टिनाखाली उभा राही. त्याला मामाजींनी कधी गॅरेजात घेतलं नाही. "त्याले कोन उचलून नेते? अवजारं उचलून नेतेत," हे त्यांचं म्हणणं. माझी गाडी मात्र रस्त्यावरच्या निंबाखाली, पाखरांच्या हवाली. मी तक्रार केली की म्हणत, "निंबाची सावली थंडी असते बाई. गॅरेजात त नुसतं उबते."

हे भांडण गॅरेजचं नव्हतं, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मामाजींचं सहा एकर वावर होतं. कपाशी, सोयाबीन आणि मधे तुरीचे तास, म्हणजे ओळी. गडीमाणूस मिळेना झाला तेव्हा त्यांनी बैल काढले आणि हा छोटा ट्रॅक्टर घेतला. माझा नवरा विलास यवतमाळला नोकरीला. त्याचं एकच पालुपद, की बाबांचं वय झालं, वावर मक्त्यानं द्यावं, कसणारा कसेल, आपण सुटलो. त्यावर मामाजी गॅरेजकडे बोट करत. "अवजारं घरात हायेत तोवर वावर घरात हाय. अवजारं गेली का वावर नुसतं सातबाऱ्यावर रायते." म्हणजे मी गॅरेज मागत होते तेव्हा खरं तर त्यांना म्हातारं व्हायला सांगत होते. हे मला कळत होतं, आणि तरीही मला माझी गाडी सावलीत हवी होती. त्याची मला आजही लाज वाटत नाही, पण लिहिताना थोडं अडखळायला होतं.

बरं, ठेवायचं तर नुसतं ठेवावं ना! तसं नाही. त्यांनी गॅरेजच्या फरशीवर गेरूनं प्रत्येक अवजाराची जागा आखली होती. रोटाव्हेटरचा लांबट चौकोन, टाकीचं वर्तुळ, डवऱ्याची वेडीवाकडी आकृती. एखादं अवजार वावरात गेलेलं असलं तरी त्याची जागा त्याचीच. एकदा रोटाव्हेटर बाहेर होता म्हणून मी त्या रिकाम्या चौकोनात खराटा टेकवून ठेवला. मामाजी तो खराटा हातात घेऊन थेट स्वयंपाकघरात आले. "हा कोनाचा?" मी म्हणाले, माझा. "मंग त्याच्या जाग्यावर काहून नाही?" मी म्हणाले, त्याला जागाच कुठे आहे, सगळं घर तुम्ही आखून ठेवलंय. ते खराटा घेऊन तसेच वळले. संध्याकाळी पाहिलं तर शटरच्या मागे, कोपऱ्यात, गेरूची एक बारीक उभी रेघ काढलेली होती. ती माझ्या खराट्याची जागा.

जागा पुरेना तेव्हा त्यांनी वर पाहायला सुरुवात केली. "जमीन भरली त का झालं? वरतं रिकामंच हाय." छताला आकडा ठोकून, साखळी-कप्पी लावून त्यांनी सरीचा फाळ वर टांगला, नेमका दाराच्या आत, स्वतःच्या डोक्याच्या वर चार बोटं. मी उंच नाही म्हणून वाचले. विलास दोनदा आपटला. बाकीची जड अवजारं ढकलता यावीत म्हणून त्यांनी लाकडी पाट केले आणि पाटांना खाली चाकं बसवली. त्यांतली काही चाकं कुठून आणली हे मी विचारलं नाही, कारण मला ते लगेचच कळलं. वह्या तपासायला माझी एक फिरती खुर्ची होती. रविवारी सकाळी मी तिच्यावर बसले आणि धप्पकन खाली गेले. पाचही चाकं गायब. मामाजी दारातून म्हणाले, "तुले बसूनच त काम कराचं असते ना बाई. फिराची काय गरज?"

पिना, बोल्ट, कॉटर यांसाठी त्यांनी माझा मसाल्याचा जुना डबा घेतला होता. सात वाट्यांत सात जातीच्या पिना. त्यावर माझी हरकत नव्हती. डबा टाकायलाच काढला होता. हरकत ही, की तो वापरून झाला की ते तो धुऊन, पुसून, सवयीनं स्वयंपाकघराच्या फळीवर आणून ठेवत. पाहुणे आलेले असताना मी घाईत डबा उघडायची आणि मोहरीच्या जागी ग्रीसमधल्या पिना. माझ्या एका बऱ्या साडीत त्यांनी ट्रॅक्टरचा शाफ्ट गुंडाळून भिंतीला टांगला होता. "सुती होती म्हनून घेतली," असा खुलासा मिळाला. सासूबाई या सगळ्यावर काही बोलत नसत. त्यांनी दहा वर्षांत त्या गॅरेजात पाऊल टाकलं नाही. ग्रीसचा वास आला की पदर नाकाला लावून मागच्या मागे वळत.

अवजारं आत कोणत्या क्रमानं लावायची, हे मात्र त्यांना कनिराम काकांनी शिकवलं. कनिराम काका आमच्या वावराला लागून असलेल्या तांड्यावरचे, मामाजींचे जन्माचे दोस्त. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरणारे. ती लदेणी जाऊन कितीतरी पिढ्या झाल्या, पण सामान कसं भरावं याची अक्कल घराण्यात टिकली होती. गॅरेज पाहून ते म्हणाले, "भाऊ, मुक्कामावर जे पयले लागते ते आखरीले चढवाचं. चूल वरतं, बाकी खालतं." मामाजींना हे इतकं पटलं की त्यांनी सगळं बाहेर काढून पुन्हा लावलं. तेव्हापासून गॅरेज म्हणजे पंचांग झालं. उन्हाळ्यात पंजी पुढे, मग रोटाव्हेटर, मग तिफण, मग डवरा, मग टाकी. काम झालेलं अवजार मागे जाई, येऊ घातलेलं पुढे सरके. खरं सांगायचं तर हे शिस्तीचं होतं, आणि मी वर्गात मुलांची दप्तरं लावून घेताना हाच नियम सांगते. मामाजींना मी हे कधी कळू दिलं नाही.

पण या शिस्तीला एक भलंमोठं भोक होतं. पेरणी झाली की त्याच दिवशी तिफण धुऊन सगळ्यात आत जायची, अगदी मागच्या भिंतीला. आता आमच्याकडे पेरणीनंतर पावसानं ओढ दिली तर दुबार पेरणी करावी लागते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिफण महिनाभर तरी दाराशी असावी की नाही? मामाजी ऐकायला तयार नसत. तिफण दाराशी ठेवली म्हणजे पेरणी बिघडायची वाट पाहिल्यासारखं होतं, अशी त्यांची ठाम समजूत. एका वर्षी तेच झालं. सोयाबीन पेरलं, पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं राहिलं, आणि वावरात जागोजागी टकलं पडली. मग एकदाचा पाऊस झाला. वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, दोन दिवसांचा. पेरून घ्यायचं तर आत्ता, आणि तिफण कुठे? तर रोटाव्हेटर, डवरा आणि पाण्यानं भरलेल्या टाकीच्या पलीकडे.

टाकी सुकली की तडकते म्हणून ती मामाजी भरून ठेवत. ती हलेना. तिचा नळ भिंतीकडे, तिथे हात जाईना. वरचा फाळ खाली घ्यावा तर साखळी अडकली. मी शाळेची साडी नेसून, डबा हातात घेऊन उभी, आणि मामाजी म्हणतात, "बाई, जरा या पाटाले धक्का देजो." मी धक्का दिला. विलासनं दिला. कनिराम काका बाहेर चुळबुळत होते, कारण आमचं झालं की तिफण त्यांना हवी होती. दोन तास गेले. माझा पदर डवऱ्यात अडकून फाटला, शाळेला उशीर झाला, आणि शेवटी माझा तोल सुटला. "मामाजी, ही दाराशी ठेवली असती तर काय बिघडलं असतं?"

घामानं निथळत असलेले मामाजी अगदी शांतपणे म्हणाले, "लगन लागलं का मांडव सोडतेत बाई. दुसऱ्या नवरदेवासाठी कोनी उभा नाही ठेवत."

वाफसा हातचा गेला नाही, पेरणी साधली, हे नशीब. त्या संध्याकाळी मी चौकटीच्या कागदावर गॅरेजचा नकाशा काढला. तिफण एका अंगाला उभी ठेवली तर कोणालाही न हलवता बाहेर येते, हे मोजून, रंगीत पेन्सिलीनं दाखवलं. मामाजींनी चष्मा लावून तो नकाशा नीट पाहिला. "हुशार हायेस," म्हणाले. कागदाची चार पदरी घडी घातली आणि रोटाव्हेटरचा एक पाय हलत होता, त्याच्याखाली सारली. मग तिफण धुतली आणि पुन्हा सगळ्यात आत नेऊन ठेवली. मी कपाळाला हात लावून आत गेले.

या माणसानं मला आणखी एक जाच लावला होता. सकाळी मी शाळेला निघाले की ते शटरपाशी उभे असत. "सांग बाई, आता समोर काय हाय?" मी किल्ली शोधत सांगायची, "डवरा." "अन् त्याच्या मांगं?" "टाकी." "टाकीच्या मांगं?" "रोटाव्हेटर." "वरतं?" "फाळ, मामाजी, फाळ! घंटा होईल माझी." "जाय मंग." मी दिवसभर मुलांकडून पाढे म्हणवून घेणार, आणि घरून निघताना स्वतः पाढा म्हणून निघणार. उत्तर चुकलं तर ते रागवत नसत, नुसते शटर वर करून दाखवत. त्यात अजून पाच मिनिटं जात म्हणून मी बरोबर उत्तर पाठ करून ठेवू लागले. एकदा वैतागून म्हणाले, हे तुमच्या मुलाला का नाही विचारत? म्हणाले, "त्याले कायले विचारू? तो हाव म्हनते अन् चालला जाते."

दसऱ्याला या सगळ्या मंडळींची पूजा असे. अवजारं धुऊन अंगणात ओळीनं मांडायची, प्रत्येकाला झेंडूची माळ, प्रत्येकाला कुंकू. ते मीच लावायचं. लोखंडी चाकांनासुद्धा वेगवेगळं, "दोघं हायेत ना ते." माझ्या गाडीचा नंबर सगळ्यात शेवटी येई, तोवर माळा संपलेल्या असत. एका दसऱ्याला मामाजींनी पंजीची माळ काढून गाडीला घातली आणि दिवसभर पंजीकडे ओशाळल्यासारखे पाहत होते. संध्याकाळी मी ती माळ परत पंजीला घातली.

मग त्यांच्या मणक्यानं दगा दिला. ऑपरेशन झालं. यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावलं, ट्रॅक्टरच्या सीटवर बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही. "वाकाचं नाही म्हनते," मामाजी कंबरेचा पट्टा आवळत मला सांगत होते, "मंग वावरात काय सलाम ठोकाले जाऊ?" विलासला आता बोलायला जागा मिळाली. आमच्याकडे पाडव्याला वर्षाचे करार ठरतात. त्यानं एक मक्तेदार ठरवला, पाडव्याला दुपारी बोलणी करायला यायचं कबूल करून घेतलं, आणि अवजारंही तोच माणूस विकत घेईल असं सुचवून ठेवलं. मामाजी एका शब्दानं विरोध करेनात. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "भाजी अळणी झाल्ती आज. त्यायनं काहीच नाही म्हटलं." मलाही ते बरं वाटेना. गॅरेज रिकामं होणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही होता, कशाला खोटं बोलू. पण तो आनंद नीट बसेना.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाली तसं मामाजींनी गॅरेजसमोर खुर्ची मांडली. "बाई, सारं भाईर काढ. तुह्या हातानं." मला वाटलं, घेणाऱ्याला दाखवायला. मी काढलं. आधी पंजी, मग साखळी सोडून फाळ, मग बाकीचं. पुसलं, ग्रीस भरलं, गंजलेल्या पिना बदलल्या. ते खुर्चीत बसून बोटानं दाखवत होते, आणि दर वेळी माझा हात त्या बोटाच्या आधीच तिथे पोचत होता. हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही, मी पुटपुटण्यात गुंतले होते. उन्हं वर आली. सगळं चकचकीत झालं. म्हणाले, "आता आतमंदी ठेव." मी म्हणाले, आत? अहो, लोक बघायला येणार आहेत ना? "ठेव म्हनलं ना."

मी शेवटचा पाट ढकलत होते, केसांत ग्रीस, सणाच्या साडीचा बोळा झालेला, तेव्हा मक्तेदार आला. विलासनं त्याला बसवलं. मामाजींनी त्याच्या हातात चहा दिला आणि म्हणाले, "भाऊ, तुमाले फुकटची चक्कर पडली. पन वावर मक्त्यानं नाही द्याचं. आमच्या घरी करनारं मानूस हाय."

विलास त्या माणसाला शोधायला इकडेतिकडे पाहू लागला. मग सगळेच माझ्याकडे पाहू लागले.

मी नाही म्हणाले. एकदा नाही, तीनदा म्हणाले. शाळा आहे, वह्या आहेत, शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. "वावरातलं कनिराम सांगन. घरातलं तुले येते. आत्ता ठेवलं ना सारं, एक गोष्ट मले विचारली काय?" खरंच विचारली नव्हती. तेवढ्यात विलास हसला. "ही? ट्रॅक्टर?" एवढंच म्हणाला, पण त्या हसण्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. दहा वर्षं मी रोज चाळीस किलोमीटर गाडी हाकते आणि हा मला हसतो! रागाच्या भरात मी म्हणून गेले, "या खरिपापुरतं. फक्त या खरिपापुरतं." मामाजींनी मक्तेदाराला आणखी चहा विचारला. मला कसं अडकवलं, हे मला तो माणूस गेल्यावर कळलं.

त्या खरिपात माझे सगळे रविवार वावरात गेले. मामाजी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बाभळीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत, हातात छत्री, आणि तिथून ओरडा. "अवं सरळ! पराटीले काय वळन लावून राह्यली?" पहिल्या डवरणीत माझ्याकडून पराटीची, म्हणजे कपाशीची, झाडं मोडली. मामाजी मोठ्यानं सांगत होते, "ते गेलं. तेही गेलं. अरे बाप्पा, ते त चांगलं होतं!" तांड्यावरच्या बाया काम थांबवून पाहत होत्या. मी ट्रॅक्टर बंद केला, चालत धुऱ्यावर गेले आणि म्हणाले, घ्या तुमचं वावर, मी घरी जाते. मामाजींनी छत्री माझ्या डोक्यावर धरली. "पानी पे. मी पयल्या सालात याच्या दुप्पट मोडली होती. माह्या बापानं काठी फेकून मारली." मी पाणी प्यायले आणि परत ट्रॅक्टरवर जाऊन बसले. सोयाबीन निघालं त्या दिवशी, मला वाटलं, आज तरी एक शब्द कौतुकाचा निघेल. त्यांनी मळलेल्या सोयाबीनच्या भुशात हात घातला, मूठभर उचलला आणि म्हणाले, "कुटार बरं हाय." दाण्याबद्दल अवाक्षर नाही.

पौषात ते गेले. कपाशीचा शेवटचा वेचा वावरात होता. सकाळचं ऊन खात खुर्चीत बसले होते. सासूबाई चहा घेऊन गेल्या तर ते उठले नाहीत. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कनिराम काका आले, अंगणात गॅरेजच्या शटरला हात टेकून उभे राहिले, आणि तसेच परत गेले. लोक म्हणत होते, भाग्याचं मरण आलं. मला ते ऐकवत नव्हतं. मी त्यांच्यावर अजून रागावलेली होते. एका खरिपाचं बोलून गळ्यात सगळी शेती बांधली, त्याचा जाब विचारायचा राहिला होता. रागावलेल्या माणसाला असं मध्येच सोडून जाऊ नये.

होळी झाली आणि पाडवा पुन्हा जवळ आला. विलासनं विषय काढला, या वेळी हळू आवाजात. "तू त्यांच्यासाठी केलंस. आता कोणासाठी? देऊन टाकू मक्त्यानं." तो चुकीचं बोलत नव्हता. मी म्हणाले, रविवारी पंजी मारून पाहते. जमलं तर ठेवू, नाही जमलं तर तुझ्या मक्तेदाराला बोलव. विलासला रविवारी यवतमाळला काम होतं, कनिराम काका नातीच्या लग्नाला गेले होते. मी एकटीनं शटर वर केलं, पंजीचा पाट अंगणात ओढला आणि ट्रॅक्टर मागे घेत तिच्यापाशी आणला.

ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन लोखंडी हात असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि वर एक तिसरा. ते अवजारात अडकवून पिना घालायच्या. मी उजवा हात अडकवला, पिन घातली. डावा बसेना. पुन्हा काढलं, ट्रॅक्टर वीतभर पुढे घेतला, पुन्हा उजवा अडकवला. डावा दोन बोटं अलीकडेच राही. तीनदा केलं. बोटाचं साल निघालं. गेल्या खरिपात दर रविवारी हे सहज बसत होतं, मग आज काय झालं? उन्हात डोकं तापलं आणि मी गॅरेजकडे तोंड करून, त्यांच्याच बोलीत, होता नव्हता तेवढ्या आवाजात ओरडले, "मामाजी, हे बसत काहून नाही?"

आवाज भिंतीवर आपटला तेव्हा मी भानावर आले. आणि मग आठवलं. डाव्या बाजूला मी कधी उभीच राहिले नव्हते. ती बाजू त्यांची. ऑपरेशननंतरसुद्धा ते वाकता येत नाही म्हणून स्टुलावर बसून डावा हात आधी बसवत, आणि मगच मला माझी बाजू करायला सांगत. मी फक्त उजवीकडचं शिकले होते. मी तिथेच पाटावर बसले आणि त्यांच्या जाण्यानंतर पहिल्यांदा मोकळेपणानं रडले.

"आधी डावा, बाई. मंग उजवा. वरतला सर्वात आखरीले."

सासूबाई होत्या. स्वयंपाकघराच्या दारात, हाताला पीठ तसंच. तुम्हाला कसं माहीत, विचारलं. "दहा वर्सं भाकरी थापता थापता आयकून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "मले कान नाही काय?" त्या पायऱ्या उतरल्या, पदर खोचला, गॅरेजात गेल्या आणि आतून स्टूल घेऊन आल्या. पंजीच्या डाव्या बाजूला ते ठेवून त्यावर बसल्या आणि पिठाच्या हातानं तो ग्रीसचा लोखंडी हात धरला.

"काढ तो उजवा," त्या म्हणाल्या. "डावीकडं मी हाय."